पाऊणकीचा पाढा आणि दादाची सायकल



आपल्या इंदूरकरांचा समुद्र म्हणजे अवंतिका एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास, सकाळी मुंबई, संध्याकाळी चौपाटीवर भेळ, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून एक फोटो, आणि परत. माझाही सत्तरी उलटेपर्यंत समुद्राशी एवढाच संबंध होता. गेल्या पौषात मात्र आम्ही घरच्या मंडळींनी दापोलीच्या किनाऱ्यावर एक अख्खा दिवस सायकल चालवली आणि पायी भटकलो. त्याचे फोटो पाहून बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं, "आम्हालाही जायचंय, जागा कशी निवडली?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. थोडं लांबेल. चहा घेऊन बसा.

आमचा दादा एकोणऐंशी वर्षांचा. शाळामास्तर होता. मल्हारगंजातल्या घरून सकाळी सायकल काढायची, राजवाड्यावरून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून शाळेत जायचं, संध्याकाळी त्याच रस्त्याने परत, असा त्याचा पस्तीस वर्षांचा क्रम. स्कूटर घेतली नाही, शिकलाही नाही. दोन वर्षांपूर्वी त्याची अँजिओप्लास्टी झाली आणि त्या दिवसापासून चोवीस इंची सायकल जिन्याखाली गेली. वहिनींनी तिच्यावर जुनं पांघरूण टाकलं. बंगळुरूचे चिरंजीव फोनवर म्हणाले, "बाबा, आता सायकल कुणाला तरी देऊन टाका." दादाने दिली नाही, पण चालवलीही नाही.

माणूस आजारी पडला की घरातले सगळे प्रेमाने त्याचे निर्णय आपल्याकडे घेतात. काय खायचं, किती वाजता झोपायचं, जिना चढायचा की नाही. दादा हळूहळू गप्प होत गेला. पूर्वी पेपर वाचताना सरकारशी भांडणारा माणूस आता "तुम्ही म्हणाल तसं" म्हणू लागला. मला ते त्याच्या छातीच्या दुखण्यापेक्षा जास्त लागत होतं.

दिवाळीत पुण्याहून भाचा आला होता. त्याला सायकलचं वेड. जेवताना तो कोकणातल्या रस्त्यांच्या गोष्टी सांगत होता, तेव्हा दादा एकदम म्हणाला, "समुद्राच्या काठाने एकदा सायकल चालवायची होती रे. राहिलंच."

ताटावर शांतता पसरली. वहिनी म्हणाल्या, "गाडी करून जाऊ की. काचेतून दिसतो समुद्र." दादाने मान खाली घालून भात कालवला. मी भाच्याकडे पाहिलं, भाच्याने माझ्याकडे.

पहिलं काम डॉक्टरांकडे जाण्याचं. त्यांनी तपासण्या करून सांगितलं, सपाटीवर, सकाळच्या थंडाव्यात, बोलता बोलता चालवता येईल इतक्या वेगाने तासभर चालेल. धाप लागून वाक्य तुटायला लागलं की उतरायचं. भर उन्हात चढ नको, उपाशीपोटी नको, औषधं चुकवायची नाहीत. हे त्यांनी दादाला समोर बसवून सांगितलं, मला नाही. ते फार चांगलं केलं. दादाने स्वतःच्या अक्षरात वहीत लिहून घेतलं.

मग जागा निवडायचं सुरू झालं. भाच्याने आठवडाभरात चार बेत पाठवले, नकाशासकट, कुठे किती चढ याच्या आलेखासकट. मी नेहमीच्या सवयीने त्यांचा एक तक्ता केला.

पहिला बेत मांडवा ते अलिबाग. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून 2020 पासून रो-रो बोट सुरू आहे, तिच्यातून सायकलीसुद्धा नेता येतात. मांडव्याला उतरायचं, किहीमवरून अलिबागला जायचं आणि ओहोटी असेल तर कुलाबा किल्ल्यात पायी जाऊन यायचं. आपल्याला सगळ्यांत सोयीचं हेच, कारण अवंतिका सकाळी मुंबईत सोडते. पण त्या रस्त्यावर मोटारींची वर्दळ फार, आणि किल्ल्यात गेल्यावर भरतीच्या आत परतायला हवं. तिथे घड्याळ आपल्या मागे लागतं.

दुसरा रेवदंडा ते कोर्लई. पोर्तुगीजांचा किल्ला डोंगराच्या नाकाडावर चढवलेला, पायथ्याशी दीपगृह, आणि गावात आजही पोर्तुगीज वळणाची स्वतंत्र बोली बोलणारी माणसं. मला स्वतःला हाच बेत आवडला होता. पण किल्ल्याची चढण उघडी, सावली कमी. दादाला खाली बसवून आपण वर जायचं, म्हणजे त्याच्या सहलीत त्यालाच राखण करायला ठेवायचं.

तिसरा दाभोळहून जंगल जेटीने धोपाव्याला आणि तिथून गुहागर. भाच्याचा हा लाडका बेत. खाडी ओलांडायची मजा आहे, पण धक्क्यावरून निघालं की चढच. कोकणातला किनाऱ्याजवळचा रस्ता नकाशावर सरळ वाटतो, प्रत्यक्षात प्रत्येक खाडीला उतरतो आणि पुन्हा जांभ्याच्या सड्यावर चढतो. माळव्याच्या पठारावर आयुष्य गेलेल्या माणसाला हे नकाशा बघून कळत नाही.

चौथा दापोली तालुक्यातला. कर्दे, मुरुड, आसूद, हर्णे, आंजर्ले. दापोली गाव स्वतः दोनशे मीटरहून उंचावर आहे, पण खाली किनाऱ्यावरच मुक्काम केला तर तो चढ सायकलीने चढायचा प्रश्नच येत नाही. कोकण रेल्वेने खेडला उतरायचं, तिथून मोटारीने दापोलीवरून थेट खाली.

भाचा म्हणाला, "मामा, पण यात अंतर काहीच नाही. दिवसभरात वीस-पंचवीस किलोमीटरसुद्धा होत नाहीत."

मी म्हटलं, "बाळा, बँकेत आम्ही तारणाच्या पूर्ण किमतीएवढं कर्ज कधी देत नव्हतो. मार्जिन ठेवायचो. तारण वाईट असतं म्हणून नाही, दिवस वाईट येतो म्हणून. दादाची ताकद एक तासाची असेल तर बेत पाऊण तासाचा करायचा."

पण अंतरापेक्षाही मोठी गोष्ट माझ्या तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यात होती. त्याचं शीर्षक मी लिहिलं होतं, "मध्येच थांबता येतं का?" पहिल्या तीन बेतांत मध्ये थांबलं की सहल मोडते. बोट चुकते, किल्ला राहतो, सगळ्यांना मागे फिरावं लागतं. मग दमलेला माणूस "माझ्यामुळे नको" म्हणून ओढत राहतो. सत्तरीतल्या लोकांना खरा धोका त्या भिडेचा असतो. दापोलीच्या बेताचे मात्र तीन सुटे तुकडे होते. सकाळी पुळणीवर सायकल, दुपारी झाडीतून पायी, संध्याकाळी टेकडीवर गणपती. कुठलाही तुकडा गाळला तरी बाकीचे शाबूत, आणि प्रत्येक ठिकाणी बसायला सावली, प्यायला पाणी, रिक्षा यायला रस्ता. तक्ता दादासमोर ठेवला. त्याने चष्मा लावून सगळे रकाने वाचले, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हा."

आता तारीख. इथे आमच्या लहानपणीची शिकवणी कामाला आली. ओल्या, दाबून बसलेल्या वाळूवरच सायकल चालते, कोरड्या वाळूत चाक रुततं. म्हणजे सकाळी ओहोटी हवी. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा, आणि रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दादाने पाऊणकी म्हणून दाखवली, "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन." तृतीयेला सव्वादोनच्या सुमारास भरती, म्हणजे तिच्या सहा तास आधी, सकाळी सव्वाआठला ओहोटी. साडेसातला निघालं की पुढे दीड-दोन तास वाळू आपली. भाच्याने मोबाइलवर ताडून पाहिलं, पंधरा-वीस मिनिटांचाच फरक. तो दादाकडे बघतच राहिला. त्या घरात दोन वर्षांनी कुणीतरी दादाला काहीतरी विचारत होतं, आणि तो सांगत होता.

वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. "आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे ना? मग संकष्टीलाच जाऊ. बडा गणपतीच्या शेजारी जन्म गेला आपला, संकष्टी टाळून कसं जायचं?" बोलण्यात चूक नव्हती. चतुर्थीला ओहोटीही नऊला, तीही चालली असती. पण संकष्टीला दादा चंद्रोदयापर्यंत उपास करतो, आणि उपाशीपोटी सायकल डॉक्टरांनी वर्ज्य सांगितलेली. वहिनींना उपास सोड म्हणून सांगायची माझी छाती नव्हती. दादाच म्हणाला, "अगं, तृतीयेला बाप्पाला भेटू आणि चतुर्थीला तिथेच मुक्कामी उपास करू. दोन्ही साधेल." झालं, पौष वद्य तृतीया पक्की झाली.

वाऱ्याचंही बघितलं. शाळेत खारे वारे, मतलई वारे घोकले होते, आता त्यांचा उपयोग कळला. सकाळी वारा जमिनीकडून हलका असतो, दुपार होऊ लागली की समुद्राकडून जोरात येतो, तोही हिवाळ्यात वायव्येकडून. म्हणून उत्तरेकडे जायचं ते सकाळी. कर्द्याहून मुरुडकडे जाणं म्हणजे उत्तरेकडेच, तेव्हा मुक्काम कर्द्याला केला.

निघायच्या आधी सहा आठवडे सराव. जिन्याखालचं पांघरूण निघालं. चेनला तेल, ब्रेकला नवे रबर. आधी गल्लीतून बडा गणपतीपर्यंत, मग विमानतळाच्या रस्त्याने हळूहळू पुढे, शेवटी एका रविवारी बिजासनच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत. मी शेजारी सायकलवर, वहिनी मागून रिक्षात. पहिले दोन रविवार त्या पोहे-जलेबीच्या दुकानाशीसुद्धा उतरल्या नाहीत, नजर नवऱ्याच्या पाठीवर. तिसऱ्या रविवारी उतरल्या.

एक सांगायलाच हवं. इंदूरच्या हवेत घाम वाळतो, किनाऱ्यावर वाळत नाही. त्यामुळे इथे जमलेलं अंतर तिथे तसंच जमेल असं धरू नका. आम्ही सरावाच्या निम्मंच अंतर तिथे ठरवलं. आणि सायकली इथून नेल्या नाहीत, मुक्कामाच्या घरमालकांनी गावातून मिळवून दिल्या. दादाने सीट स्वतः पान्याने खालीवर करून घेतलं. चाकातली हवा थोडी कमी ठेवली, म्हणजे वाळूवर पकड येते.

प्रत्यक्ष दिवस सांगतो. सकाळी साडेसात, नुकतंच उजाडलेलं, सूर्य मागच्या डोंगराआड. पाणी खूप आत गेलेलं. कर्द्याची पुळण त्या वेळी ओल्या पाटीसारखी दिसते. मधूनमधून गोड्या पाण्याचे ओहळ आडवे येतात, तिथे उतरून सायकल हातात धरायची. दादा पुढे, मी दहा हात मागे, भाचा मागेपुढे. वहिनी आणि आमची ही बरोबर पायी निघाल्या आणि मागे पडल्या.

घरमालकांनी आदल्या रात्री एकच ताकीद दिली होती, वरच्या कोरड्या वाळूत सायकल घालू नका. त्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं रात्री येऊन भरतीच्या रेषेच्या वर खड्डा करून अंडी घालतात. वेळासला 2002 पासून या घरट्यांचं संरक्षण सुरू झालं आणि मग ते काम किनाऱ्यावरच्या इतर गावांतही पसरलं. अंडी कुंपणात सुरक्षित ठेवतात आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. म्हणून चाक फक्त ओल्या वाळूवर. तो नियम पाळायला सोपा, कारण सायकल तिथेच चालते.

दादा वेगात नव्हता. पण पाठ ताठ होती. मध्ये एकदा त्याने घंटी वाजवली. समोर कुणी नव्हतं, नुसते पाण्याच्या कडेने पळणारे छोटे पक्षी होते, ते उडाले. चार-पाच किलोमीटरचं अंतर आम्ही दोनदा थांबत पाऊण तासात केलं. मुरुडला पोचल्यावर दादा उतरला, सायकलला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "वाक्य तुटत नाहीये." डॉक्टरांची परीक्षा त्याने स्वतःच घेतली होती.

मुरुड हे महर्षी कर्व्यांचं गाव. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून गेलेल्या सरळ गल्ल्या, दुर्गादेवीचं देऊळ. तिथे ओटीवर बसून घावन-चटणी खाताना दादामधला मास्तर जागा झाला. त्याने भाच्याला सांगितलं, की सतराव्या वर्षी धोंडो केशव याच गावातून परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेले, सह्याद्री चढून, आणि तिथे साहेबांनी वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. "मग?" भाच्याने विचारलं. "मग काय? परत आले. पुढे एकशेचार वर्षं जगले, शंभराव्या वर्षी, 1958 साली, भारतरत्न मिळालं." वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला काय सुचवायचंय ते कळलं मला." सगळे हसलो.

दुपारचा तुकडा आसूदचा, केशवराजाचं देऊळ. भाचा सायकलने चढ चढून गेला, बाकी आम्ही रिक्षाने. रस्त्यापासून पायवाट पोफळीच्या बागेतून खाली ओढ्यापर्यंत उतरते, साकव ओलांडला की जांभ्याच्या पायऱ्यांनी वर. भर दुपारी बाराला तिथे ऊन अंगावर येत नाही, इतकी दाट सावली. दुपारसाठी हीच जागा ठेवण्याचं कारण ते. श्री. ना. पेंडसे यांनी ‘गारंबीचा बापू’ याच मुलखावर लिहिली, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असेल.

साकवावर दादा थांबला. वरच्या पायऱ्यांकडे त्याने बराच वेळ पाहिलं. वहिनींचा हात पुढे झाला होता, मी काहीतरी बोलणार होतो, पण भाच्याने माझी बाही ओढली. दादा म्हणाला, "मी इथे बसतो. पाण्याचा आवाज चांगला आहे. तुम्ही जाऊन या, माझा नमस्कार सांगा." आवाजात कुठेही "माझ्यामुळे" नव्हतं. दोन वर्षांत त्याने स्वतःला सांगितलेलं ते पहिलं "नाही" होतं, बाकीची सगळी आम्ही सांगितली होती. वहिनी त्याच्याजवळ थांबायला निघाल्या, तर म्हणाला, "तू जा ना वर. मी काय ओढ्यात पडतोय?" आणि वहिनी गेल्या! देवळात डोंगरातून पाटाने आणलेलं पाणी गोमुखातून पडतं, त्यांनी त्याची बाटली भरून दादासाठी खाली आणली.

संध्याकाळी रिक्षाने हर्णे बंदर. मासळीचा लिलाव आम्ही शाकाहारी मंडळींनी लांबूनच पाहिला, पण भावाची बोली कानाला मोठी गमतीची. पाण्यात सुवर्णदुर्ग. मग जोग नदीच्या पुलावरून आंजर्ले. कड्यावरच्या गणपतीपर्यंत आता वाहन जातं. उजव्या सोंडेचा बाप्पा, समोर सगळा किनारा. दादाने वरून बोट दाखवत किनाऱ्याची दिशा धरली आणि विचारलं, "आपण तिकडून आलो, नाही का?"

घरी परतल्यावर चिरंजिवांना दादाने स्वतः फोन केला. आधी तिकडून रागावणं ऐकू आलं, मग बराच वेळ दादाच बोलत होता, पाऊणकीसकट. आता तो मंगळवारी आणि शनिवारी सकाळी बडा गणपतीपर्यंत सायकलने जातो. तिसऱ्या दिवशी जायचं की नाही यावर पती-पत्नींचा वाद चालू आहे, त्यात मी पडत नाही.

तेव्हा ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस धरा. तिथी बघून सकाळची ओहोटी काढा, वर मोबाइलवर ताडा. सकाळी समुद्र, दुपारी सावली, संध्याकाळी उंची. गटात सगळ्यांत कमी दम ज्याचा, त्याला तक्ता दाखवा आणि जागा त्याला निवडू द्या. परतल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुऊन चेनला तेल घाला, खारं पाणी लोखंडाला सोडत नाही. पाणी आणि औषधं प्रत्येकाच्या स्वतःच्या पिशवीत. आणि शेवटचा रकाना विसरू नका.

पुढच्या पौषात मला कोर्लई करायचं आहे. दादा म्हणतो, किल्ल्याखाली दीपगृहापाशी बसायला जागा असेल तर तोही येईल. तिथे कुणी ज्येष्ठ मंडळी जाऊन आली असतील तर सावली कुठे आहे ते जरूर लिहा.

मल्हारगंज, इंदूर